मेंदूच्या आवरणाला ठिगळ कशाचं लावायचं? ठाण्यातील एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

रुग्ण ५८ वर्षांच्या गृहिणी, राहणार कळवा. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत. सकाळी भाकरी थापताना त्यांच्या डाव्या हाताला आपोआप झटके येऊ लागले, मग तोंड वाकडं झालं आणि दोन-तीन मिनिटं शुद्ध हरपली. आयुष्यातली पहिलीच फिट. जवळच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन करायला सांगितला, त्यात गाठ दिसली आणि एमआरआयची पिशवी घेऊन मुलगा त्यांना ठाण्यात आमच्याकडे घेऊन आला.

एमआरआयमध्ये उजव्या बाजूला, कपाळाच्या थोडं मागे, कवटीला आतून चिकटलेली जवळपास पाच सेंटिमीटरची गाठ होती. चित्र मेनिंजिओमाचं होतं. ही गाठ मेंदूतून उगवत नाही, मेंदूवरच्या आवरणातून उगवते आणि बहुतेक वेळा कॅन्सर नसते. वाढताना ती मेंदूला बाजूला ढकलत जाते. गाठीच्या कडेने आवरणावर एक पांढरी शेपटी पसरलेली दिसत होती आणि वरचं हाड आतल्या बाजूने जाड झालं होतं. या दोन खुणांनी पुढे बरंच काही ठरवलं.

सोबत दहा-बारा वर्षांचा मधुमेह होता. एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ८.४. मेंदूची सूज उतरवण्यासाठी डेक्सामेथासोन सुरू केल्यावर साखर आणखी चढली, तेव्हा इन्शुलिन सुरू करून ती आटोक्यात आणली आणि मगच शस्त्रक्रियेची तारीख दिली.

अडचण

मेंदूला तीन आवरणं असतात. सगळ्यात बाहेरचं, जाड आणि चिवट ते ड्युरा. त्याच्या आत मेंदूभोवती पाणी खेळत असतं. एका वेळी साधारण १५० मिली आणि दिवसाला सुमारे ५०० मिली नवं तयार होतं. ड्युराला भोक राहिलं तर हे पाणी वाट शोधतं. कधी टाळूच्या कातडीखाली साचून फुगवटा येतो, कधी टाक्यांतून बाहेर ठिबकतं. पाणी बाहेर आलं की जंतूंना आत जायला रस्ता मिळतो आणि मेंदूज्वराची भीती उभी राहते. मधुमेही रुग्णात जखम सावकाश भरते, त्यामुळे ही भीती जास्त.

मेनिंजिओमा ड्युरातूनच उगवलेला असतो. गाठीसोबत तेवढा ड्युराही काढला, तर तिथे तळहाताएवढं भोक पडतं. ते बुजवायला ठिगळ लागतं, म्हणजेच ग्राफ्ट.

पहिला निर्णय: ठिगळ लागेल असं काही करायचं का?

ग्राफ्ट कोणता याआधी हा प्रश्न यायला हवा आणि तो बऱ्याचदा विचारलाच जात नाही. गाठ काढून ड्युराचा तो भाग कापण्याऐवजी डायथर्मीने, म्हणजे विजेच्या उष्णतेने, जाळून घेता येतो. मग भोक लहान राहतं आणि ठिगळाची गरज कमी होते.

डोनाल्ड सिम्पसन यांनी १९५७ मध्ये मेनिंजिओमाच्या रुग्णांचा अभ्यास मांडला, त्यातली वर्गवारी आजही वापरात आहे. गाठ, तिच्या मुळाचा ड्युरा आणि खराब झालेलं हाड असं सगळं काढलेल्यांत गाठ पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण ९ टक्के होतं. ड्युरा फक्त जाळलेल्यांत ते १९ टक्के होतं. आजच्या मायक्रोस्कोप आणि एमआरआयच्या काळात हा फरक तेवढा मोठा उरला आहे का, यावर मतभेद आहेत. पण या रुग्णाची गाठ मेंदूच्या वरच्या पृष्ठभागावर होती, मोठ्या शिरेपासून दूर होती आणि वय ५८ होतं, म्हणजे पुढची वीस-पंचवीस वर्षं विचारात घ्यायची होती. जिथे ड्युरा सुरक्षितपणे काढता येतो तिथे तो काढावा, असं माझं मत आहे. त्यामुळे ठिगळ लागणार हे पक्कं झालं.

माळ

शस्त्रक्रियेच्या तीन दिवस आधी भूलतज्ज्ञ मॅडम तपासायला आल्या. दागिने काढून ठेवा, हे नेहमीचं वाक्य सिस्टरनी सांगितलं. काकूंनी बांगड्या काढल्या, मंगळसूत्र काढलं, पण गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर हात ठेवून त्या थांबल्या. घरात तीन पिढ्यांची वारी. त्यांनी स्वतः लग्नाआधीच माळ घातलेली. मॅडमनी वाद घातला नाही. मानेत सुई घालावी लागू शकते म्हणून गळा मोकळा हवा, पण माळ उजव्या मनगटाला सैल बांधून वर गॉज गुंडाळता येईल, असं त्यांनी सुचवलं आणि तसंच झालं.

त्या संध्याकाळच्या राउंडला काकूंनीच मला विचारलं, “डॉक्टर, पोरगा म्हणत होता आत ठिगळ लावणार म्हणून. कशाचं असतं ते?”

आमच्या संमतीपत्रकात ‘आवश्यकतेनुसार ग्राफ्ट अथवा इम्प्लांट’ असे चार शब्द छापलेले होते आणि त्यावर सही झालेली होती. त्या चार शब्दांत गाय, डुक्कर, प्लास्टिक आणि रुग्णाची स्वतःची मांडी, सगळंच मावतं. सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालच्या समीरा कोहली प्रकरणात सांगून ठेवलं आहे की रुग्णाला पुरेशी माहिती मिळाल्याशिवाय दिलेली संमती खरी संमती नव्हे. कायदा बाजूला ठेवला तरी, जी वस्तू माणसाच्या डोक्यात जन्मभर राहणार ती कशाची आहे हे त्याला ठाऊक असायला हवं.

मग खुर्ची ओढून बसलो आणि काकू, त्यांचे यजमान आणि मुलगा अशा तिघांसमोर एकेक पर्याय ठेवला.

पर्याय

पहिला पर्याय घरचाच: पेरिक्रेनियम. कवटीच्या हाडावर एक पातळ पडदी असते, ती त्याच छेदातून सोलून घेता येते. पैसे लागत नाहीत, शरीर ती परकी मानत नाही, जंतू धरून ठेवण्याचा धोका कमी. अडचण एवढीच की ती पातळ असते, वाळली की आक्रसते आणि मोठ्या भोकाला कधी कधी पुरत नाही. या रुग्णात आणखी एक पेच होता. गाठीच्या वरचं हाड जाड झालं होतं, म्हणजे गाठीच्या पेशी हाडात शिरल्या असण्याची शक्यता होती. त्या हाडावरची पडदी उचलून पुन्हा मेंदूवर लावणं मला मान्य नव्हतं. पडदी घ्यायची तर मागच्या, निरोगी भागातून घ्यावी लागणार होती.

दुसरा पर्यायही स्वतःच्याच शरीरातला: मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूंवर असलेलं चिवट वेष्टन, फॅशिया लाटा. मोठा तुकडा मिळतो, जाडी ड्युराशी जुळते, टाके छान धरतो. पण मांडीवर दुसरी जखम होते.

तिसरा पर्याय कृत्रिम पॅच. हे वेगवेगळ्या पॉलिमरचे असतात. पाहिजे त्या आकारात मिळतात, वेळ वाचतो. पण परकी वस्तू आत राहते. संसर्ग झालाच तर नुसत्या अँटिबायोटिकवर भागेल याची खात्री नसते, पॅच काढावा लागू शकतो. काही प्रकारांत सुईने पडलेलं भोक धाग्यापेक्षा मोठं राहतं आणि तिथूनच पाणी झिरपतं.

चौथा, आणि अनेक ठिकाणी सर्वाधिक हाताशी असलेला पर्याय, प्राण्यांपासून बनवलेला. गायी-बैलांच्या हृदयावरचं आवरण किंवा त्यांच्या स्नायुबंधातलं कोलॅजन, काही उत्पादनांत डुकराच्या आतड्याचा थर. प्रक्रिया करून पेशी काढून टाकलेल्या असतात, उरतो तो धाग्यांचा सांगाडा आणि त्यात हळूहळू रुग्णाच्याच पेशी भरत जातात. यातली कोलॅजनची मऊ शीट नुसती वर अंथरली तरी चालते, टाके लागत नाहीत. सर्जनच्या दृष्टीने हा सगळ्यात सोपा मार्ग.

पाचवा पर्याय मी सांगितला तो फक्त आता का वापरत नाही हे कळावं म्हणून: मृत व्यक्तीचा ड्युरा. एके काळी जगभर तो वाळवून, पाकिटात भरून विकला जायचा. १९८७ साली अमेरिकेत असा ग्राफ्ट लावलेल्या एका तरुण स्त्रीला क्रॉइट्झफेल्ट-जेकब नावाचा मेंदूचा असाध्य आजार झाल्याची नोंद झाली. जपानमध्ये असे शंभराहून अधिक रुग्ण निघाले, काहींना तर शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दशकांनी. १९९७ मध्ये जपानने त्याचा वापर थांबवला आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही तो वापरू नये असं सांगितलं. ठिगळाचा हिशेब त्याच आठवड्यात मिटत नाही, हे या इतिहासातून शिकायचं आहे. आज गुरांपासून बनणाऱ्या ग्राफ्टसाठी जनावरं कुठल्या देशातली आहेत याची काटेकोर नोंद ठेवावी लागते, त्याचं मूळही याच प्रकारच्या धास्तीत आहे.

मुलाने खर्चाचा प्रश्न काढला आणि तो रास्त होता. मेडिक्लेममध्ये पॅच बसेल का, टीपीए (विम्याचे दावे तपासणारी संस्था) कात्री लावेल का, हे आधी विचारून घेतलेलं बरं. पण या घरात पैशावर काही अडलं नाही.

रुग्णाचं उत्तर

काकूंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, “गाईचं नको. डुकराचं तर नकोच. माझंच काय ते घ्या.”

यजमानांनी दुसऱ्या दिवशी त्यांच्या दिंडीतल्या महाराजांना फोन केला. औषध म्हणून घेतलं तर दोष नाही, जीव महत्त्वाचा, असं महाराज म्हणाले. घरच्यांना वाटलं प्रश्न सुटला. काकूंना तसं वाटलं नाही. “महाराजांनी सांगितलं ते खरं, पण डोकं माझं आहे,” असं त्या म्हणाल्या. इथे घरच्यांच्या बाजूने उभं राहून त्यांचं मन वळवणं सोपं होतं. आम्ही तसं केलं नाही, कारण चांगले पर्याय समोर होते आणि त्यांच्या आग्रहाने जीव धोक्यात येत नव्हता.

एक प्रश्न मात्र मी मोकळा सोडला नाही. सगळे पर्याय संपले आणि प्राणिजन्य ग्राफ्ट लावण्यावाचून गत्यंतर नसलं तर? काकू म्हणाल्या, तेव्हा मुलाला विचारा. याला मी नकार दिला. कवटी उघडी असताना ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, दारात येऊन मुलाला असा प्रश्न विचारायचा आणि त्याचं ओझं त्याने जन्मभर वाहायचं, हे बरोबर नाही. रात्रभर विचार करून त्यांनी सांगितलं: जीवावरच बेतलं तर लावा, नंतर मला खरं सांगा. हा क्रम, म्हणजे पेरिक्रेनियम, मग मांडी, मग कृत्रिम आणि जीवावर बेतलं तरच प्राणिजन्य, केसपेपरवर मराठीत लिहून त्यांची सही घेतली.

मग आम्ही ओटीतल्या बाकीच्या वस्तूंकडे वळलो. रक्तस्राव थांबवायला वापरतात तो जिलेटिनचा स्पंज प्राणिजन्य असतो. त्याऐवजी वनस्पतीपासून बनणारी ऑक्सिडाइज्ड सेल्युलोजची जाळी वापरायचं ठरलं. शिवणीवर लावायचा चिकट फायब्रिन ग्लू माणसाच्या रक्तापासून बनतो, पण काहींमध्ये गुरांपासून काढलेला एक घटक असतो, म्हणून माहितीपत्रक वाचून निवडला. बोनवॅक्समध्ये मधमाश्यांचं मेण असतं, त्याला त्यांची हरकत नव्हती. पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून देतात ते हेपरिनचं इंजेक्शन डुकराच्या आतड्यापासून बनतं. हे सांगितल्यावर त्या नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “ती सुई घेईन. औषध येतं आणि जातं. डोक्यात मुक्कामाला राहणारं वेगळं.”

‘शाकाहारी’ असा शिक्का मारून यादी लावली असती, तर ही रेषा आम्हाला कधीच कळली नसती.

शस्त्रक्रिया

छेद नेहमीपेक्षा मागे वाढवला, म्हणजे निरोगी भागातली पडदी हाती येईल. डोक्यासोबत उजवी मांडीही आधीच स्वच्छ करून, निर्जंतुक कापड घालून तयार ठेवली. याला पाच-दहा मिनिटं जातात आणि ती बहुतेक वेळा वाया गेली असं वाटतं. इथे ती वाया गेली नाहीत.

पेरिक्रेनियमचा तुकडा सुरुवातीलाच सोलून ओल्या गॉजमध्ये ठेवला. हाडाची झडप उचलली, गाठ आतून पोकळ करत करत मेंदूपासून सोडवली. मेंदूला धक्का लागला नाही. पण ड्युरावरची ती शेपटी एमआरआयमध्ये दिसली त्यापेक्षा मागे गेली होती. निरोगी कड मिळेपर्यंत कापत गेलो तेव्हा भोक साधारण सात बाय सहा सेंटिमीटरचं झालं. ओल्या गॉजमधला तुकडा पसरून त्यावर धरला, तर एका बाजूला बोटभर कमी पडत होता आणि मधोमध एक जागा इतकी विरळ होती की खालचा मेंदू दिसत होता.

इथे तीन वाटा होत्या. पेरिक्रेनियमचे दोन तुकडे एकमेकांना शिवायचे, म्हणजे ऐन मध्यावर टाक्यांची आणखी एक ओळ आणि गळतीची आणखी एक जागा. कृत्रिम पॅच उघडायचा, तो दहा मिनिटांत लागला असता. किंवा मांडी. साखर २३० च्या पुढे गेली होती, भूलतज्ज्ञ मॅडमना शस्त्रक्रिया लवकर आटपलेली हवी होती. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

आम्ही मांडी निवडली. रुग्णाने दिलेल्या क्रमात ती आधी होती, हे एक कारण. दुसरं कारण मधुमेहाचं: परकी वस्तू आत ठेवून संसर्गाचा धोका घेण्यापेक्षा मांडीची जखम बरी, असा हिशेब होता. मी गाठीच्या जागेतला रक्तस्राव थांबवत असताना सहकारी सर्जनने मांडीवर छेद घेऊन फॅशिया काढला, त्यामुळे वेळ फारसा वाढला नाही.

फॅशियाचा तुकडा ४-० प्रोलीनच्या बारीक धाग्याने कडेकडेने शिवला. वरच्या भागातल्या शस्त्रक्रियेत ड्युरा पाणीबंद शिवायलाच हवा का, यावर सर्जनांत एकमत नाही. मेंदूच्या मागच्या खालच्या भागात गळती जास्त होते, वर कमी. मधुमेह आणि भोकाचा आकार पाहता मी शिवण्याच्या बाजूचा होतो. शेवटी मॅडमनी श्वासाचा दाब थोडा वेळ वाढवून धरला. आतलं पाणी वर दाबलं गेलं आणि मागच्या कोपऱ्यात टाक्याशेजारी एक थेंब फुगून आला. तिथे मांडीतल्याच चरबीचा बारीक तुकडा ठेवून एक टाका वाढवला, वर ग्लू लावला. पुन्हा दाब दिला, कोरडं. जाड झालेलं हाड आतून घासून काढलं आणि झडप परत बसवली.

परिणाम

डोक्याच्या बाजूने सगळं चांगलं गेलं. पाचव्या दिवशी छेदामागे मऊ फुगवटा आला. सुईने पाणी काढायचा मोह अशा वेळी होतो, पण सुईसोबत जंतू आत जाऊ शकतात. म्हणून नुसती क्रेप बँडेज आणि उशाकडून वर केलेली खाट. आठवडाभरात फुगवटा बसला. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट ग्रेड १, म्हणजे सौम्य प्रकारची गाठ, असा आला, ड्युराच्या कडा गाठीपासून मोकळ्या. तीन महिन्यांनंतरच्या एमआरआयमध्ये गाठीचा अंश नव्हता.

मांडीने मात्र त्रास दिला. जखमेखाली पाणी साचलं, पट्टी आवळून बांधावी लागली. डोकं दुखत नाही, पाय उचलवत नाही, अशी काकूंची तक्रार सुरू झाली. दुसऱ्या दिवसापासून चालवायचं ठरलं होतं, ते चौथ्या दिवसावर गेलं. चालणं लांबलं की पायात गुठळी होण्याची भीती वाढते, म्हणून हेपरिनच्या सुया ठरल्यापेक्षा जास्त दिवस द्याव्या लागल्या. स्वतःच्या शरीरातला तुकडा फुकट मिळतो असं आपण म्हणतो, त्याची किंमत अशी दुसरीकडे निघते.

आषाढी पाच आठवड्यांवर होती. फिट येऊन गेल्यामुळे पायी वारी त्या वर्षी होणारच नव्हती, हे त्यांनी आधीच स्वीकारलं होतं. पण पुढे दोन महिने चढ-उतारावर मांडी ओढल्यासारखी वाटत राहिली. कार्तिकीला त्या एसटीने पंढरपूरला जाऊन आल्या.

पुढे वेगळं काय करता येईल

मांडीविषयी बोलताना ‘बाजूला एक छेद घ्यावा लागेल’ एवढंच सांगितलं जातं. दरवर्षी अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या बाईला तेवढं पुरेसं नाही. किती दिवस दुखेल, चालण्यावर काय फरक पडेल, हे ऐकून काकूंनी कदाचित कृत्रिम पॅच मांडीच्या आधी ठेवला असता. नंतर मी त्यांना हे थेट विचारलं. त्यांचं उत्तर होतं, “तरी माझंच घ्या म्हटलं असतं. पण आधी कळलं असतं तर बरं.” दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे.

तांत्रिक बाजूने, ड्युराची शेपटी लांब दिसत असेल तर पेरिक्रेनियम एकाच तुकड्यात पुरेल असं धरून चालू नये. छेद आणखी मागे नेऊन कातडीखालून जास्त पडदी सोलता येते. या रुग्णात अजून तीन सेंटिमीटर मिळाले असते तर मांडी वाचली असती, असं मला वाटतं. उलट बाजूही आहे: कातडी जास्त सुटी केली की तिचा रक्तपुरवठा कमी होतो आणि मधुमेहात तेही परवडत नाही. यावर माझ्या सहकाऱ्याचं मत माझ्या विरुद्ध आहे.

संमतीपत्रकातले ते चार शब्द आता बदलले आहेत. ग्राफ्टचे प्रकार साध्या मराठीत, कशापासून बनतात त्यासकट लिहिले आहेत आणि समोर रुग्णाने स्वतः क्रम लिहायचा आहे. धर्म किंवा आहार विचारून आपणच अंदाज बांधायचा नाही, हे मुद्दाम ठरवलं. मांसाहार करणारा कुणी नको म्हणेल, जैन घरातला कुणी हो म्हणेल. हे विचारणं शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री नको, तारीख ठरते त्या दिवशी हवं, म्हणजे घरी बोलायला वेळ मिळतो.

एक काम अजून पूर्ण व्हायचं आहे. आमच्या ओटीतल्या एका पॅचच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात फक्त ‘कोलॅजन’ छापलं आहे, प्राणी कुठला ते आतल्या घडीच्या पत्रकात बारीक टाइपात आहे. सील फोडल्याशिवाय ते पत्रक वाचता येत नाही आणि फोडलेलं खोकं वितरक परत घेत नाही. म्हणून प्रत्येक उत्पादनाचं मूळ पुरवठादाराकडून लेखी मागवून ओटीच्या स्टोअरमध्ये यादी लावायला सांगितली आहे. दोन पुरवठादारांची पत्रं आली, तिसऱ्याचं येईपर्यंत त्याचा माल वेगळ्या कप्प्यात ठेवला आहे.